काच नंतर बघा, आधी पाकळ्या

वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तरं. या महिन्यातली बहुतेक पत्रं जुन्या लेन्सांबद्दल आहेत. पहिल्या पत्राला लांबलचक उत्तर दिलंय, कारण पुढच्या पत्रांची निम्मी उत्तरं त्यातच येऊन जातात.

प्रश्न : काका, नवी पेठेतला एक जुना स्टुडिओ बंद होतोय. मालकांच्या मुलाकडे जेनिट कॅमेरा आणि त्यावर हेलिओस ४४-२ लेन्स आहे. दोन्हीचे मिळून साडेतीन हजार म्हणतो. माझ्याकडे कॅननचा साधा डीएसएलआर आहे, ॲडाप्टर (जुनी लेन्स त्यावर बसवायची जोडरिंग) अजून घेतलेला नाही. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर आत धूळ दिसली. पुढच्या काचेवर एक ओरखडा आहे आणि ॲपर्चरची एक रिंग फिरतच नाही. तो म्हणतो, सगळं ओके आहे. रविवारपर्यंत कळवायचंय. घेऊ का?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तू माझ्या नातीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करतो.

आधी ती न फिरणारी रिंग. चांगल्या चांगल्या हेलिओस लेन्सा या एका गैरसमजापायी ‘जाम आहे’ म्हणून परत जातात. ॲपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं, पाकळ्यांनी लहान-मोठं होणारं भोक. ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात. पुढच्या रिंगेवर २ (भोक पूर्ण उघडं) पासून १६ (सगळ्यांत बारीक) पर्यंत आकडे असतात, ती टकटक करत फिरते आणि तिचं काम मर्यादा ठरवायचं. तिच्यामागची रिंग आवाज न करता फिरते. ती पाकळ्या उघडते-मिटते, पण पुढच्या रिंगेनं घातलेल्या मर्यादेपर्यंतच. पुढची २ वर असली तर मागची जागची हलणार नाही, कारण तिला मिटायला वावच ठेवलेला नाही. पुढची १६ वर ने आणि मग मागची फिरव. आठ पाकळ्या सारख्या आत सरकून मधे बारीक भोक राहिलं तर लेन्स जाम नाही, एवढं नक्की. त्या काळी उघड्या ॲपर्चरवर, भरपूर उजेडात फोकस करायचा आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता रिंग अडेल तिथपर्यंत फिरवून फोटो घ्यायचा, अशी ती सोय होती. विकणाऱ्या मुलालाही हे माहीत नसणार. त्याच्या ‘ओके’ला तेवढंच वजन दे.

आता पाकळ्या अर्ध्या मिटवून टॉर्च तिरपा धर. कोरड्या पाकळ्या एकसारख्या दिसतात. तेल लागलेलं असेल तर त्यांच्यावर ओला, चकचकीत पट्टा दिसतो, बहुतेक वेळा कडेकडून आत आलेला. काच बघायच्या आधी मी हे बघतो आणि तूही हेच आधी बघावंस, कारण ही लेन्स सोलापुरात राहिलेली आहे. जुनी लेन्स कुठं राहिली हे कळलं की तिचं दुखणं निम्मं कळतं. मुंबईहून, कोकणातून आलेल्या लेन्सेत मी आधी फंगस शोधतो, कारण बुरशीला दमट हवा लागते. आपल्याकडची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. इथली लेन्स मरते ती उन्हाळ्यानं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि स्टुडिओचं जुनं सामान हमखास माळ्यावर नाहीतर पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात पडलेलं असतं. फोकसच्या आट्यांत भरलेलं ग्रीस त्या उष्णतेनं फुटतं. त्यातलं पातळ तेल सुटून पाकळ्यांकडे सरकतं आणि मागे राहिलेलं ग्रीस घट्ट होतं. म्हणजे एकाच कारणानं पाकळ्या ओल्या आणि फोकस रिंग जड.

तुझ्या लेन्सेत पाकळ्यांवर थोडं तेल दिसलं तरी लगेच ‘नको’ म्हणू नको. ४४-२ मध्ये पाकळ्या हातानंच मिटायच्या असतात, स्प्रिंगच्या वेगाचा प्रश्न नाही. याच घराण्यातली ४४एम असती तर बटण दाबल्यावर पाकळ्या क्षणात मिटाव्या लागल्या असत्या आणि तिथं तेल नडलं असतं. (फिल्मवर हे कसं नडतं ते पुढच्या पत्रात आहे.) तुझ्या बाबतीत भीती वेगळी आहे. ते तेल उन्हाळ्यात उडतं आणि पाकळ्यांच्या पुढच्या-मागच्या काचांवर त्याचा पातळ थर बसतो. त्याला आम्ही हेझ म्हणतो. तो दिसतो का, ते टॉर्चनं बघायचं.

टॉर्चचं तंत्र असं. खोलीत अंधार कर, ॲपर्चर पूर्ण उघड, लेन्सेचं मागचं तोंड डोळ्याकडे घे आणि पुढून टॉर्च तिरपा मार. सरळ मारलास तर डोळे दिपतील, दिसणार काहीच नाही. मग उलटून दुसऱ्या बाजूनं बघ. सुटे ठिपके म्हणजे धूळ, ती सोडून दे. टॉर्चखाली आजची कोरी लेन्ससुद्धा धुळकट दिसते. फांद्या फुटलेले बारीक धागे कडेकडून आत येताना दिसले तर फंगस. सगळ्या काचेवर धुरकट पडदा असेल तर हेझ. काचेच्या कडेला इंद्रधनुषी रंगांची चंद्रकोर दिसली तर दोन काचा चिकटवलेला डिंक सुटलाय. जुन्या लेन्सांत त्यासाठी कॅनडा बाल्सम हा झाडाचा चीक वापरत. तो सुटला तर दुरुस्ती लेन्सेपेक्षा महाग, सरळ परत दे. काचेच्या पोटात एखादा गोल बुडबुडा दिसला तर तो कारखान्यातलाच. त्यानं फोटोत काही होत नाही.

ओरखड्याचं बोलतो. तो पुढच्या काचेवर आहे, एकच आहे, तर विसर. लेन्स लांबचं चित्र घेत असताना पुढच्या काचेवरची रेघ इतकी फोकसबाहेर असते की फोटोत उमटत नाही. उन्हाकडे तोंड करून फोटो काढलास तर थोडी चकाकी वाढेल, एवढंच. मागच्या काचेवर तसाच ओरखडा असता तर मी दोनदा विचार केला असता, कारण ती सेन्सरच्या जवळ असते. रुमालानं घासून घासून पुढचं कोटिंग, म्हणजे काचेवरचा चकाकी रोखणारा पातळ थर, सगळीकडून उडालेलं असेल तर मात्र फोटो फिका येतो. तिरप्या उजेडात कोटिंगचा जांभळट-निळसर रंग सगळीकडे सारखा आहे का, ते बघ. ओरखडा दाखवून भाव मात्र जरूर पाड.

मग फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव. पूर्ण फेरीत सारखंच वजन लागलं पाहिजे. जड असेल तर ग्रीस वाळलंय, ते बदलता येतं. मधेच करकर लागली तर आत रेती आहे किंवा आटे खराब झालेत. जवळच्या टोकाला, म्हणजे अर्ध्या मीटरवर, नळी पुढं आल्यावर ती दोन बोटांत धरून हलव. किंचित खेळ चालेल, लटलट नको. हेही लक्षात ठेव की गड्डा यात्रेच्या थंडीत पहाटे जड लागणारी रिंग मेमध्ये दुपारी हलकी लागते. दुपारी बघायला गेलीस तर तेवढी वजावट कर.

रिंग लोण्यासारखी फिरली तर खूश होऊ नको, उलट जास्त संशय घे. हे गाव कापड विणायच्या मागांचं. घरोघरी नाहीतर शेजारी तेलाची कुपी असतेच. जड झालेल्या रिंगेत मागाचं नाहीतर शिलाई मशीनचं तेल सोडून ‘सर्व्हिसिंग’ करणारे बहाद्दर मी उभ्या आयुष्यात पाहत आलोय. विक्रीच्या दिवशी रिंग मस्त फिरते. महिना-दोन महिन्यांत तेच तेल पाकळ्यांवर आणि तिथून काचेवर. म्हणून रिंगेच्या फटींना नाक लावून वास घे. तेलाचा ताजा वास आला, फटीत बोट फिरवल्यावर बोट ओलं झालं, तर कुणीतरी नुकताच हात फिरवलाय.

त्यासाठीच स्क्रूही बघ. बाजूच्या बारीक स्क्रूंची तोंडं झिजलेली असतील, पुढच्या नावाच्या रिंगेवर नाहीतर मागच्या खाचांवर पान्हा घसरल्याचे ओरखडे असतील, तर लेन्स उघडली गेली आहे. उघडणं वाईट नाही, आम्ही तेच करत आलो. पण फोकसच्या नळीचे आटे एकापेक्षा जास्त ठिकाणी सुरू होतात. जोडताना चुकीचा आटा धरला तर रिंग छान फिरते आणि लांबचं काही फोकस होत नाही. दुकानात हे कळायला एक सोपी युक्ती आहे, ॲडाप्टरही लागत नाही. दिवसा अंधाऱ्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीपाशी पांढरा कागद धर आणि लेन्स पुढंमागं करत खिडकीबाहेरचं दृश्य कागदावर उमटव. रस्ता, तारा, समोरची गच्ची सगळं उलटं दिसेल. त्या चित्रावर पडदा टाकल्यासारखा धुरकटपणा असेल तर हेझ आहेच. आता ॲपर्चर हळूहळू मिटव, चित्र सगळीकडून सारखं अंधारत गेलं पाहिजे. इन्फिनिटीचा, म्हणजे अगदी लांबच्या फोकसचा, नेमका हिशेब यातून लागत नाही. त्यासाठी ॲडाप्टरच हवा.

तुझ्या कॅननवर ही लेन्स साध्या रिंगवजा ॲडाप्टरनं बसते. एम४२ चूडीच्या (४२ मिमीच्या आट्यांच्या) लेन्सेचं बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी, कॅननचं ४४. उरलेल्या दीड मिलिमीटरात ॲडाप्टर मावतो, काच लागत नाही. मुलाला सांग, दोन दिवस द्या, अर्धे पैसे ठेवा, नाही जमली तर परत. जुनं सामान विकणारा प्रामाणिक असेल तर ऐकतो. नाही ऐकला तर वरच्या तपासणीवरच ठरव.

घरी आणल्यावर तीन फोटो-परीक्षा घे.

इन्फिनिटीसाठी लांबचं, ठसठशीत कडा असलेलं काहीतरी हवं. माझं वर्षानुवर्षांचं लक्ष्य होतं होटगी रोडची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. कुठल्याही गच्चीवरून दिसायची. विमानांच्या वाटेत येते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली. कारखाना आणि विमानतळ या वादात मी पडत नाही, पण टेबलावर बसणाऱ्या माणसाची गैरसोय झाली हे खरं. आता मी चंद्र धरतो. तुला कंबर तलावाच्या पलीकडच्या काठावरची झाडंही चालतील. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करून ॲपर्चर २ वर फोकस कर. रिंग शेवटच्या टोकाला टेकायच्या जराशी आधी चित्र स्पष्ट झालं तर काळजी नको, स्वस्त ॲडाप्टर बहुधा किंचित पातळ असतात. टोकाला टेकूनही चंद्र धूसरच राहिला तर ॲडाप्टर जाड आहे किंवा लेन्स चुकीची जोडलेली आहे. दुसरा ॲडाप्टर लावून बघितल्याशिवाय लेन्सेला दोष देऊ नको.

दुसरी परीक्षा सोलापुरी चादरीची. भौमितिक नक्षीची चादर भिंतीवर ताणून लाव, एक सुरकुती नको. ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवून २ वर फोटो घे. हेलिओसचे कोपरे २ वर मऊच येतात, तो तिचा स्वभाव. बघायचं एवढंच की चारही कोपरे सारखे मऊ आहेत का. एकच कोपरा फार वाईट असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घे. मग कॅमेरा सरळ धरून दोन्ही फोटो पडद्यावर बघ, की तो वाईट कोपरा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला का. राहिला तर आतली एखादी काच तिरकी बसलीय. चादरीच्या त्याच जागेला चिकटून राहिला तर तुझा कॅमेराच तिरका लागला होता.

तिसरी पाकळ्यांची. मॅन्युअल मोड, आयएसओ कायम, एकाच उजेडातली साधी भिंत. शटर असा लाव : २ ला १/१००० सेकंद, २.८ ला १/५००, ४ ला १/२५०, ५.६ ला १/१२५, ८ ला १/६०, ११ ला १/३० आणि १६ ला १/१५. सातही फोटो साधारण सारख्याच उजेडाचे यायला हवेत. २ च्या फोटोचे कोपरे थोडे काळे येतील, मधला भाग बघ.

जेनिटचा भाव मनात शून्य धर. कापडी पडदा, म्हातारा शटर, त्याच्यावर रोल वाया घालवायची हौस असेल तर तो वेगळा विषय. लेन्सेचा विचार कर. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची ही ५८ मिमी, एफ/२. पुढं सोव्हिएत संघातल्या आणखी कारखान्यांनीही काढली. आराखडा जर्मनीतल्या झाइसच्या बायोटारचा, सहा काचा. सोव्हिएत मालाचा व्यवहार रुपयांत चालायचा त्या काळात जेनिट आपल्याकडे बऱ्याच आल्या, म्हणून स्टुडिओ रिकामा होताना ही लेन्स निघतेच. लेन्सेवरच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा तयार झाल्याचं साल असतं. आजकाल सगळ्यांना तिचा भोवरा, म्हणजे फोटोतलं मागचं धूसर दृश्य गोल फिरल्यासारखं दिसणं, हवा असतो. मला त्याचं वेड कळत नाही. ४ वर घेतलेला चेहरा तिचा खरा गुण दाखवतो. पाकळ्या सुटसुटीत, रिंग ओढ न लागता फिरणारी, हेझ नाही, तर साडेतीन हजारांत घेऊन टाक. तीन हजार म्हणून बघ की आधी.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. हौस म्हणून पेंटॅक्स के१००० आणि ५० मिमी लेन्स घेतली. मीटर नवीन बॅटरीवर बरोबर चालतो. पहिला रोल धुऊन आणला तर घरातले फोटो ठीक, उन्हातले सगळे ओव्हर, म्हणजे जास्त उजेड पडलेले. विकणारा म्हणतो शटर ठीक आहे, मेकॅनिक म्हणतो लेन्स ठीक आहे. काय समजू?
— एक फोटोग्राफर, अक्कलकोट

उत्तर : साहेब, तुमच्या पत्रातच निदान दडलंय. घरात तुम्ही २ किंवा २.८ वर फोटो घेतले असणार, म्हणजे पाकळ्यांना फारसं मिटावंच लागलं नाही. उन्हात ११ नाहीतर १६. मीटर उघड्या ॲपर्चरवर उजेड मोजतो, तुम्ही आकडा लावता आणि बटण दाबल्यावर पाकळ्यांनी झटकन त्या आकड्यापर्यंत मिटायचं असतं. तेलानं ओल्या झालेल्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. शटर उघडून बंद होईपर्यंत त्या ५.६ वरच रेंगाळलेल्या असतात आणि फिल्मवर तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त उजेड पडतो. निगेटिव्ह फिल्म एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, पोटात घेते. तुमच्या प्रिंटवर दिसण्याइतकं ओव्हर आलंय म्हणजे प्रकरण पुढं गेलंय.

पण उन्हात शटरही जलद लावलं असणार, म्हणून शटर निर्दोष सुटला असं म्हणता येत नाही. दोघांना वेगळं करा. लेन्स कॅमेऱ्यातून काढा, १६ लावा. मागच्या बाजूला एक खटका आहे. तो बोटानं दाबला की पाकळ्या उघडतात, सोडला की खाडकन मिटल्या पाहिजेत. डोळ्याला मिटताना दिसल्या तर तेवढ्यात निकाल लागला. हे सकाळी गार असताना करा आणि लेन्स थोडी फिरवून, दहा-वीसदा खटका दाबून पुन्हा करा. पहिल्या दोन वेळा आळशी आणि नंतर चपळ, हेसुद्धा तेलाचंच लक्षण. मेकॅनिक टेबलावर दहादा दाबून ‘ठीक आहे’ म्हणाला असेल तर तो खोटं बोलला नाही, फक्त पहिली झेप त्यानं बघितली नाही.

मग पुढच्या रोलवर दोन फ्रेम खर्च करा. सकाळच्या कोवळ्या उन्हात, एकाच भिंतीवर, एक फोटो ४ ला १/१००० वर आणि दुसरा १६ ला १/६० वर. दोन्हीत फिल्मवर पडणारा उजेड सारखाच. नुसता १६ वाला ओव्हर आला तर लेन्स, नुसता १/१००० वाला आला तर शटर. धुणाऱ्याकडून प्रिंट नको, निगेटिव्ह मागा आणि ट्यूबसमोर धरून कुठली फ्रेम जास्त काळी ते बघा. लॅबचा स्कॅनर उजेड आपोआप सारखा करून ठेवतो आणि पुरावा गायब.

लेन्स निघाली तर पाकळ्या सुट्या करून धुवाव्या लागतात. वरवर स्पिरिट सोडून ‘सफाई’ करू देऊ नका. तेल सगळीकडे पसरतं आणि चार-सहा महिन्यांत दुखणं परत.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे. जेनिटची लेन्स बसेल का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : बसेल, पण उपयोग नाही. लेन्सेच्या बुडापासून सेन्सरपर्यंतचं निकॉनचं अंतर ४६.५ मिमी, लेन्सेला हवं ४५.४६. एक मिलिमीटर आधीच जास्त, त्यात ॲडाप्टरची जाडी. त्यामुळे थोड्या फुटांपलीकडे फोकस होणार नाही. काच घातलेले ॲडाप्टर मिळतात, ते लेन्सेचा गुण घालवतात. तुम्ही निकॉनचीच जुनी ५० मिमी शोधा. मात्र १९७७ च्या आधीची असेल तर लावण्यापूर्वी विचारून घ्या. त्या जुन्या ॲपर्चर रिंगेनं बऱ्याच डिजिटल बॉडींचा माउंटजवळचा खटका मोडतो.

प्रश्न : मामांची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मिळाली. पांढऱ्या कागदावर ठेवली तर काच पिवळी दिसते. इंटरनेटवर वाचलं की ती किरणोत्सारी असते. घरात लहान मूल आहे. फेकू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : फेकू नका हो! ताई असाल तर ताई, दादा असाल तर दादा, पण फेकू नका.

वाचलंत ते खरं आहे. पेंटॅक्सच्या या लेन्सेच्या सात काचांच्या आवृत्तीत एका काचेत थोरियम घातलेलं होतं. थोरियममुळे काच प्रकाश जास्त वाकवते, रंगांचं विखुरणं मात्र वाढत नाही. एफ/१.४ ची लेन्स चांगली करायला त्या काळी तो मार्ग होता. थोरियमच्याच किरणोत्सारानं काच वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी पडते. पिवळेपण हा वाईट सांभाळ केल्याचा पुरावा नाही. लेन्स कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात घाबरण्यासारखं काही नाही. काच फोडू नका, घासू नका, पोराच्या खेळण्यात देऊ नका आणि रोज उशाशी घेऊन झोपू नका. कपाटात वरच्या खणात ठेवली की झालं.

पिवळेपण अल्ट्राव्हायोलेट प्रकाशानं उतरतं. सगळे सांगतात, उन्हात ठेवा. बार्शीचं ऊन विलायती माणसानं पाहिलेलं नाही. मेमध्ये गच्चीवर ठेवलीत तर पिवळेपण जाईल आणि ग्रीस पाकळ्यांवर येईल, म्हणजे एक दुखणं देऊन दुसरं घेतलं. शिवाय भिंग ते भिंगच, ऊन एकवटून खालचा पुठ्ठा पेटू शकतो. त्यापेक्षा छोटा अल्ट्राव्हायोलेट एलईडी दिवा आणा. लेन्स ॲपर्चर उघडून, मागची काच वर करून ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवा आणि वरून दिवा लावा. थोरियमची काच मागच्या भागात असते, म्हणून उजेड मागून. दिवा चालू असताना त्याकडे बघायचं नाही. दिवसचे दिवस लागतात, मधूनमधून पांढऱ्या कागदावर ठेवून ताडून बघा. दिवा गरम होत असेल तर लांब धरा.

तोवरही लेन्स वापरता येते. डिजिटल कॅमेरा व्हाइट बॅलन्समध्ये रंग सांभाळून घेतो, फक्त थोडा उजेड कमी येतो.

प्रश्न : वडिलांची याशिका पन्नास मिमी. चंद्रभागेकाठच्या आमच्या जुन्या घरात चामड्याच्या केसमध्ये होती. आत जाळं धरलंय. डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. साफ होईल का?
— एक शिक्षिका, पंढरपूर

उत्तर : बाई, आधी त्या डांबराच्या गोळ्या काढा. त्यांची वाफ काचेवर बसते. केसमधून लेन्स बाहेर काढा आणि केस वेगळी ठेवा. चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. नदीकाठच्या जुन्या वाड्यातल्या भिंती पावसाळ्यात पाझरतात, तिथं आपली ‘सोलापूर कोरडं’ ही समजूत चालत नाही.

साफ होईल का हे जाळ्याच्या वयावर आहे. नवीन बुरशी काचेवर नुसती बसलेली असते, पुसली जाते. जुनी झाली की तिच्या आम्लानं कोटिंग खाल्लं जातं आणि पुसल्यावरही तिथं पांढुरका ठसा राहतो. टॉर्चनं कडेचे धागे दिसतायत आणि मधली काच स्वच्छ आहे, तर फोटोत बहुधा काहीच कळणार नाही. खिडकीकडे तोंड करून, ॲपर्चर उघडून एक फोटो काढून बघा. काळ्या भागावर दुधाळ झाक आली तरच खर्च करा.

कारागिराकडे द्याल तेव्हा दोन गोष्टी आधी विचारा. जाळं कुठल्या काचेवर आहे, हे त्यानं तुम्हाला टॉर्चनं दाखवावं. ते चिकटवलेल्या दोन काचांच्या मधे असेल तर दुरुस्तीचा खर्च लेन्सेच्या किमतीवर जातो, थांबा. आणि डाग उरला तर पैसे किती, हे त्यानं आधीच सांगावं. परत आली की हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. त्याच्या खड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा घाला, आणि तो तवा पोळीसाठी परत वापरू नका.